चार मिलिमीटरची बीन आणि गाजराची पुंगी

३ जानेवारी, सकाळी ६.१०

नवी रोजनिशी. गेल्या वर्षीची एप्रिलात थांबली, पण तिचा कागदच शाई पसरवणारा होता.

या वर्षीचे संकल्प मोजकेच. रोज चालायला जाणे. चहा सावकाश पिणे (ही बायकोची मागणी. मी चहा पीत नाही, कप रिकामा करतो, असं तिचं म्हणणं). आणि ऑफिसात कमी समज असलेल्यांशी, म्हणजे जास्त डिग्र्या असलेल्यांशी, संयमाने बोलणे.

सायं. ७.

चालायला गेलो नाही. कारण गंभीर आहे. सतरा नंबरच्या विहिरीत सिमेंट भरून ती कायमची बंद करायची, अशी नोटीस आज मोठ्या साहेबांनी बोर्डावर लावली. आमचं तेलक्षेत्र म्हातारं झालंय. निम्म्या विहिरी तेल कमी आणि पाणी जास्त देतात. सतरा गेली की बाकीच्याही जाणार, आणि वर्षअखेर सगळ्या क्षेत्रालाच कुलूप. मग कॉलनीची पांगापांग. माझा मेहुणा इथेच विहिरींचे व्हॉल्व्ह सांभाळतो. त्याची बदली समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर होणार म्हणे. त्याला झोपाळ्यावर चक्कर येते.

हे मी होऊ देणार नाही. तारखेसह लिहून ठेवतो.

६ जानेवारी

माझा सिद्धांत एकदा नीट मांडून ठेवतो. पुढे लोक विचारतील.

आमच्याकडे तेल मिळतं ते खोलवरच्या वाळूच्या थरात. वरून खोदत जाताना वाटेत चुनखडीचा एक जाड थर लागतो. खोदताना विहिरीत सतत एक प्रकारचा चिखल फिरवत ठेवावा लागतो. या थरात आलं की तो चिखल गायब. पिंपंच्या पिंपं ओतली तरी पत्ता नाही. जुन्या लोकांनी या थराला यथेच्छ शिव्या घातल्या, भुसा, अक्रोडाची टरफलं, हाताला लागेल ते कोंबून तो बुजवला आणि वाळूकडे निघून गेले. थराचं नाव पडलं ‘अवदसा’. चिखल गेला कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मी विचारलं. चिखल गेला भेगांमध्ये. आणि जिथे चिखल आत जाऊ शकतो, तिथून तेल बाहेर येऊ शकतं.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी इथे दगडाचे चुरे धुणारा म्हणून लागलो. नववीनंतरचं शिक्षण मी माझं मीच पूर्ण केलं, आणि परीक्षकही मीच असल्यामुळे दर्जा कधी घसरू दिला नाही.

सिद्धांत बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, मग स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या भेगेतून काय येणार ते पण सांगा, म्हणजे तसं भांडं ठेवते.

त्या भेगेचं काम चालू आहे. रुंदी वर ०.४ मिलिमीटर, खाली ०.७. ती वाढते का हे पाहण्यासाठी ऑगस्टमध्ये मी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तारीख घालून. बायकोला नुसती पुट्टी भरून हवी आहे. अभ्यासाआधी उपचार, ही या देशाची... असो. संयम.

१० जानेवारी

मीटिंग. मी विरोधकांसाठी नऊ उत्तरं तयार करून नेली होती. विरोधच झाला नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक नवीन बाई आल्या आहेत. दगडांत डॉक्टरेट. मी त्यांना मनात डॉक्टरीणबाई म्हणतो. त्या उठल्या आणि माझाच सिद्धांत बरोबर आहे म्हणाल्या, आकडे आणि स्लाइड्ससकट. मला हे फार खटकलं. जे मी वीस वर्षं पाठ करून आहे, ते यांनी वीस स्लाइड्समध्ये सांगितलं आणि मोठे साहेब लगेच मान डोलवायला लागले. मी सांगायचो तेव्हा ते घड्याळ बघायचे.

सतराला जीवदान मिळालं. पण बाईंनी अट घातली : चाळीस दिवस बीन चार मिलिमीटरचीच.

बीन म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बसवायचा पोलादी तुकडा, मधोमध भोक असलेला. भोक बारीक तर विहीर शांत वाहते, मोठं केलं तर उसळते. बाईंचं म्हणणं असं की भेगांमध्ये तेल थोडंच असतं. खरा साठा मधल्या दगडात, तो भेगांत हळूहळू पाझरतो. आणि खाली पाणी टपून बसलेलं असतं. जोरात ओढलं की तेल पाझरायच्या आत पाणी भेगांतून वर धावतं, आणि एकदा वर आलं की परत जात नाही.

हे समजावताना त्यांनी माझ्या कपाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, काकांनी आत्ता घाईने चहा संपवला ना, बघा, गाळ मिशीवर आलाय. सगळे हसले. मोठे साहेब जरा जास्तच.

उदाहरण सदोष होतं. चहा नीट गाळलेला नव्हता, हा पॅन्ट्रीचा दोष.

शेवटी ठरलं ते असं. चाळीस दिवस पाणी आलं नाही, तर याच थरात आणखी तीन विहिरी उघडायच्या आणि क्षेत्र बंद करण्याचा विचार सोडून द्यायचा. सतराचा प्रभारी : मी. लेखी आदेश, शिक्का, सगळं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, म्हणजे गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. मी म्हणालो, पुंगी नव्हे, बीन. ती म्हणाली, वाजवणारे तुम्हीच ना, मग एकच.

१९ जानेवारी

चालायला गेलो. गेटपर्यंत. गेट करकरतं. त्याला तेल घालायला हवं, हा विचार करता करता परत आलो.

२ फेब्रुवारी

सतराच्या पोलादी नळाला चुनखडीच्या खोलीवर भोकं पाडली. खोली मी तोंडपाठ सांगितली. डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरनेही तीच सांगितली. कॉम्प्युटर बरोबर आहे, असं मी त्यांना कळवलं. मग भेगांची तोंडं मोकळी व्हावीत म्हणून आत ॲसिड सोडलं. बीन चारची. मेहुण्याने ती माझ्यासमोर बसवली, मी मोजून घेतली.

दिवसभर काही नाही. मेहुणा डबा खाताना म्हणाला, भावजी, हिला तुमच्यासारखी सकाळी उठायची सवय नसेल.

३ फेब्रुवारी, ११.२०

आधी नळात गुरगुर. मग वास. मग तेल.

काळं, स्वच्छ, एक थेंब पाणी नाही. तीस वर्षं जिला अवदसा म्हणत होते ती.

मेहुण्याने मला मिठी मारली. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला; माझे हात तेलाने माखलेले होते, तरी त्यांनी तो मागे घेतला नाही. हे नोंदवायला हरकत नाही.

अजून हात धुतलेले नाहीत. बायकोने जेवण वाढलं आणि ताटाशेजारी चमचा ठेवला.

६ फेब्रुवारी

पहिल्या तेलाची बरणी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मधल्या फळीवर. बायकोची गाण्याच्या बक्षिसाची ढाल वरच्या फळीवर सरकवली. तिला वाटलं तिला बढती मिळाली. दुसरी बरणी मेहुण्याला दिली. त्याने त्यातलं आमच्या गेटच्या बिजागरीत घातलं. करकर बंद.

डॉक्टरीणबाई घरी आल्या होत्या. मी बरणीसमोरची खुर्ची त्यांना दिली. त्या आणि बायको तासभर स्वयंपाकघरातल्या भेगेसमोर उभ्या राहून बोलत होत्या. जाताना बाई म्हणाल्या, काका, ती भेग साधी आहे, भरून टाका. मी फक्त हसलो. कागदाची पट्टी अजून फाटलेली नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

१० फेब्रुवारी

सतरा शांत आहे. अतिशय शांत. विहिरीतून तेलाबरोबर थोडा गॅस येतो, तो लांबच्या उंच नळावर जाळतात. ती ज्योत हीच विहिरीची खरी ओळख. लोक तेल बघत नाहीत, ज्योत बघतात. सतराची ज्योत गॅसच्या शेगडीएवढी आहे. मेहुण्याने आज विचारलं, दूध ठेवायचं का.

कळलं की येत्या सोळा तारखेला मुख्यालयाचे अध्यक्ष येताहेत, खास सतरा बघायला. म्हणजे मला बघायला.

शेगडी?

१२ फेब्रुवारी

बीनला हात लावायचा नाही. पक्का संकल्प. चाळीस म्हणजे चाळीस.

(चाळीसच का, पस्तीस का नाही, हे बाईंना विचारायचं राहिलं.)

मोठ्या बीनी कोणत्या कपाटात असतात एवढं मेहुण्याला विचारून घेतलं. माहिती म्हणून.

१५ फेब्रुवारी, सायं. ५

आदेशात ‘चार’ लिहिलंय. पण आदेशाचा हेतू काय? विहीर नीट चालवणे. आणि जी विहीर चारला इतकी नीट चालते, तिच्यावर अविश्वास दाखवणं हा तिचा अपमान आहे.

आठची बसवली.

मेहुणा लेखी मागत होता. मी म्हणालो, नात्यात कसलं लेखी? तो म्हणाला, भावजी, माझं नातं ताईशी आहे, तुमच्याशी ड्यूटी आहे. पण बसवली. तेल दुप्पट. पाणी शून्य. डॉक्टरीणबाई रजेवर आहेत, त्यामुळे त्यांना त्रास दिला नाही.

१६ फेब्रुवारी

आयुष्यातला सर्वोच्च दिवस.

अध्यक्ष येण्याआधी अर्धा तास बाराची बसवली. बसवताना मेहुणा एक शब्द बोलला नाही. शिस्त म्हणतात ती हीच. ज्योत दोन मजले वर गेली. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. अध्यक्षांनी हेल्मेट मागे सरकवून वर पाहिलं आणि वा म्हणाले. मोठ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. या खांद्यावर त्यांचा हात पहिल्यांदाच.

डॉक्टरीणबाई सकाळीच रजेवरून परतल्या होत्या. त्या ज्योतीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. कानाजवळ येऊन विचारलं, बीन केवढी आहे? मी म्हणालो, चार. आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा चारच सांगितलं.

फोटो काढला. माझा अर्धा चेहरा आलाय, ज्योत पूर्ण.

संध्याकाळी परत चारची बसवायचं ठरलं होतं, पण सत्कार होता. उद्या.

१७ फेब्रुवारी

उद्या.

१८ फेब्रुवारी

पाणी दोन टक्के. ओल म्हणता येईल. हवा दमट आहे.

१९ फेब्रुवारी

अकरा टक्के. नमुन्याची बरणी धुऊन पुसलेली नसणार. लॅबला लेखी समज दिली.

२० फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस. पेल्यातल्या पाण्याकडे बघणारे लोक असतात आणि पेल्यातल्या तेलाकडे बघणारे असतात. मी दुसऱ्या प्रकारचा.

सायं.

चारची बसवली. पाणी तेलापेक्षा जड असतं. ते आपोआप खाली जाईल. हा निसर्गनियम आहे, डिग्रीचा प्रश्न नाही.

२१ फेब्रुवारी

एक्क्याण्णव.

२३ फेब्रुवारी

सत्त्याण्णव. खारं पाणी. शेगडीही विझली.

गेट पुन्हा करकरतंय. मेहुण्याने परवा त्यात नव्या बरणीतलं ‘तेल’ घातलं होतं. बिजागरीवर गंज चढलाय.

२५ फेब्रुवारी, दुपारी १

सकाळी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी.

मी तयारीने गेलो होतो. तेलाबरोबर वाळूचे कण येतात, त्यांनी बीनचं भोक झिजून मोठं होऊ शकतं. चारचं झिजून बारा झालं असावं, असं मी मांडलं. शास्त्रीय पुस्तकातलं स्पष्टीकरण होतं. डॉक्टरीणबाईंनी सतरावरून उतरवून कपाटात ठेवलेली बीन पर्समधून काढून टेबलावर ठेवली. झीज कुठेही नाही. कडेला ‘१२’ असा शिक्का. अजून ग्रीस लागलेलं.

मग मोठ्या साहेबांनी मेहुण्याला विचारलं, कोणी बसवली. तो म्हणाला, मी. कोणाच्या सांगण्यावरून? तो गप्प राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांच्या हाताखाली त्याच्या बदलीचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. समुद्र.

मी छताकडे बघत होतो. छतालाही एक भेग आहे, साधारण ०.३ मिलिमीटर. साहेबांनी जेवणाची सुट्टी केली.

घरी आलो. बायकोने काही विचारलं नाही. म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं. कॉलनीत बातमी माझ्याआधी पोचते. तिने पोळी वाढली. मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली,

“लहानपणी तो झोपाळ्यावर बसला की मी खालून पाय धरून उभी राहायचे. तो उतरेपर्यंत.”

एवढंच. भाजीत मीठ कमी होतं. मी मागितलं नाही.

सायं. ५.३०

तीन वाजता परत गेलो आणि सगळा दोष मोठ्या मनाने स्वतःवर घेतला. आदेश माझा होता, तोंडी होता, दोन्ही वेळा माझाच होता, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांना मी म्हणालो की कुटुंबासाठी माणसाने एवढा त्याग केला पाहिजे. ते म्हणाले, त्याग कसला, खरंच तुम्ही सांगितलं होतंत ना? मी म्हणालो, हो, ते तर आहेच.

बदलीचं पत्र त्यांनी खणात टाकलं. फाडलं नाही, खणात टाकलं. प्रभारीचा शिक्का मी परत केला. त्याची शाईसुद्धा वाळली नव्हती.

बाहेर मेहुणा सायकल घेऊन उभा होता. म्हणाला, भावजी, मागे बसा, सोडतो. गेटपाशी म्हणाला, तेल घालू का? आमच्याकडे खाण्याचं आहे.

७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी अध्यक्षांना काहीतरी लिहिलं आणि बारा नंबरच्या विहिरीसाठी परवानगी मिळवली. तोच थर, त्याच भेगा. बीन तीनची. तीन! थेंब मोजत बसायचं काम. तिथे जायला मला मनाई नाही, पण बोलावलंही नाही. गेटपासून पाहिलं. ज्योत कुठे दिसते का बघत होतो. नाही दिसली.

१९ एप्रिल

बारा नंबरला चाळीस दिवस झाले. पाणी शून्य.

क्षेत्र बंद होणार नाही. नोटीस लागली. कॉलनीत लोक एकमेकांना कारण नसताना चहाला बोलवत होते. मेहुण्याचं पत्र खणातून निघून कचऱ्याच्या टोपलीत गेलं, हे त्याने स्वतः पाहिलं. बायको आज ओट्याशी गुणगुणत होती. पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. सूर थोडा वर होता, पण मी सांगितलं नाही.

मेहुणा सांगत होता, मीटिंगमध्ये बाई म्हणाल्या की कल्पना मुळात काकांची. चिखल कुठे गेला हे त्यांनी विचारलं नसतं तर आपण इथे नसतो. दोन वेळा म्हणाल्या म्हणे.

हे त्या का म्हणाल्या असतील, यावर विचार करतोय. काहीतरी डाव असावा. रात्री जेवताना पुन्हा विचार केला. डाव सापडला नाही.

२२ एप्रिल

ऑफिसातून आलो तर स्वयंपाकघरातली भेग नाही. बायकोने पुट्टी भरली, वरून रंगही दिला. सगळं काम अर्ध्या तासाचं होतं म्हणे. माझी तारखेची पट्टी आतच राहिली. ऑगस्टपासूनचा अभ्यास भिंतीत गेला. मी म्हणालो, अगं, निष्कर्ष निघायचा होता. ती म्हणाली, निघाला.

शोकेसमधली बरणी मात्र तिने जागच्या जागी ठेवली आहे. पुसलेली दिसली.

४ मे

महत्त्वाची जबाबदारी मिळाली!

क्षेत्रातल्या जुन्या विहिरींतून येणारं खारं पाणी आता सतरामधून परत खाली सोडायचं. त्या पाण्याने खालून दाब राहतो आणि तेल सावकाश वर सरकतं. माझ्या सतराच्या भेगा हे पाणी इतक्या सहज पितात की बाईसुद्धा म्हणाल्या, अशी विहीर शोधून सापडणार नाही. मी शोधली होती, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं. मी लिहून ठेवतो.

पाणी आत सोडणं हे तेल बाहेर काढण्यापेक्षा नाजूक काम. बेतानेच सोडायचं, जोर झाला की पाणी भेगांतून थेट बाराला जाऊन भेटेल आणि सगळं क्षेत्र पुन्हा सिमेंटच्या वाटेवर. म्हणून इथे अनुभवी माणूस हवा. प्रभारी : मी. शिक्का दिलेला नाही. छापायला टाकला असेल.

सकाळी चहा सावकाश प्यायलो. गाळ तळाशी राहिला. योगायोग.

मग मेहुण्याबरोबर सतरावर गेलो. चालत. बीन आधीच बसवलेली होती, पाचची. बाईंनी काल वर्कशॉपचा माणूस पाठवून ती जागेवर वेल्ड करून घेतली आहे. मला न विचारता. सरकारी वेल्डिंग, कच्चं असणार असं वाटलं. मेहुणा पाठमोरा होता तेव्हा पाना लावून पाहिला.

हलली नाही.